आधी लिहावे, मग बोलावे: गटाने विचार करण्याच्या पद्धती

गावातील कोणतीही बैठक घ्या. देवस्थानच्या उत्सवाची असो, शाळेच्या पालक-शिक्षक संघाची असो की क्रीडा मंडळाची, एकट्याला जे सुचत नाही ते चारजण जमले की सुचेल, अशी एक अपेक्षा तिच्यामागे असते. ही अपेक्षा चुकीची नाही. मात्र नुसते एकत्र बसल्याने ती पुरी होत नाही. जमलेल्या माणसांनी कोणत्या क्रमाने विचार करायचा, कधी गप्प राहायचे, कधी बोलायचे आणि कधी टीका करायची याची काही शिस्त नसेल, तर गटाला सुचणाऱ्या कल्पना त्याच माणसांना आपापल्या घरी बसून सुचल्या असत्या त्यापेक्षा कमी भरतात. ही शिस्त लावणाऱ्या अनेक पद्धती विसाव्या शतकात तयार झाल्या. कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत त्या शिकवल्या जातात आणि बहुधा तिथेच राहतात. वास्तविक त्यांना कागद, पेन आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. आपल्याकडे त्यांची गरज अधिक आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक गट डोळ्यांसमोर ठेवू. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावात बारा महिलांचा स्वयंसाहाय्य गट आहे. चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत त्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान घेऊन शहरातील बाजारात बसतात. रानातील कांगलां, घागऱ्या, कवंडळे, माटीची फळे, तर परसातले चिबूड, तोरिंगे, आंबाडे आणि सुपारीचे शिपटे असा तो माल असतो. घरोघरी माटोळी बांधून झाली की मागणी संपते आणि उरलेल्या मालाला गिऱ्हाईक राहत नाही. दरवर्षी बराच माल उरतो. यावर काय करता येईल हे ठरवण्यासाठी गटाची बैठक बोलावली आहे.

नेहमीच्या पद्धतीने ही बैठक कशी चालेल, हे सांगणे अवघड नाही. गटाच्या अध्यक्ष प्रास्ताविक करतील आणि प्रास्ताविकातच स्वतःला योग्य वाटणारा उपाय सांगून टाकतील. वयाने सर्वांत मोठ्या काकी गेल्या वर्षी बस वेळेवर आली नाही त्याची हकिकत सांगतील. ती ऐकता ऐकता मागच्या बाजूला बसलेल्या एका तरुण सुनेला सुचते की गिऱ्हाइकांकडून आठ दिवस आधीच मागणी नोंदवून घ्यावी. पण काकींचे बोलणे मध्येच तोडणे बरे दिसत नाही, म्हणून ती थांबते. थांबलेल्या वेळात आपली कल्पना विसरू नये म्हणून तीच मनात घोळवत राहते आणि त्यामुळे दुसरे काही तिला सुचत नाही. तिची पाळी येईपर्यंत विषय बसवरून टेम्पोच्या भाड्यावर गेलेला असतो. आता आपले म्हणणे अस्थानी वाटेल असा विचार करून ती म्हणते, "सगळ्याजणी म्हणतात तेच माझं म्हणणं." बैठक संपते आणि इतिवृत्तात टेम्पोच्या भाड्याचा ठराव लिहिला जातो.

गटाने कल्पना काढण्याला पहिल्यांदा नियमांची चौकट दिली ती अ‍ॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने. बीबीडीओ या जाहिरात संस्थेच्या नावातील 'ओ' हे अक्षर त्याच्याच आडनावाचे आहे. आपल्या संस्थेतील बैठकांत नव्या कल्पना येताक्षणी मारल्या जातात असे त्याच्या लक्षात आले, आणि 1939 च्या सुमारास त्याने एक वेगळ्या प्रकारची बैठक सुरू केली. तिला ब्रेनस्टॉर्मिंग हे नाव मिळाले. तिचे नियम चार होते. कल्पना निघत असताना कोणावरही टीका करायची नाही, कितीही विचित्र कल्पना असली तरी ती मांडायची, संख्येवर भर द्यायचा, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची किंवा दोन कल्पनांची सांगड घालायची. ऑसबर्नने आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली होती, जी पुढे बहुतेकांनी वगळली. बैठकीपुढचा प्रश्न नेमका आणि एकेरी असला पाहिजे, हे त्याचे सांगणे होते. "गटाची प्रगती कशी करावी" असा प्रश्न ठेवला तर सद्विचारांपलीकडे काही हाती लागत नाही.

या पद्धतीचा 1950 च्या दशकात मोठा प्रसार झाला आणि तिच्यामागोमाग तिची परीक्षाही सुरू झाली. येल विद्यापीठातील डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक या संशोधकांनी 1958 मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. एका बाजूला ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम पाळून एकत्र बसलेले चौघांचे गट होते. दुसऱ्या बाजूला तेच नियम समजून घेऊन एकेकट्याने काम केलेली माणसे होती, आणि त्यांतील चौघाचौघांच्या कल्पना, पुनरुक्ती वगळून, नंतर एकत्र मोजल्या गेल्या. एकेकट्याने काम केलेल्यांच्या वेगवेगळ्या कल्पनांची बेरीज एकत्र बसलेल्या गटांच्या जवळपास दुप्पट निघाली. पुढील काही दशकांत वेगवेगळ्या देशांत असे प्रयोग झाले आणि निष्कर्षाची दिशा फारशी बदलली नाही.

असे का होत असावे, याचा सर्वांत नेटका शोध मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये घेतला. तीन कारणे संभवत होती. पहिले, लोक काय म्हणतील ही भीती. दुसरे, इतर आहेत तर मी कशाला डोके चालवू ही सुस्ती. तिसरे अगदी यांत्रिक वाटणारे कारण होते: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि बाकीच्यांना थांबावे लागते. त्यांनी ही कारणे एकेक करून वेगळी काढली. एका प्रयोगात तर माणसांना स्वतंत्र खोल्यांत बसवले आणि इतर कोणी बोलत असेल तेव्हा बोलायचे नाही एवढेच बंधन दिव्याच्या खुणेने घातले. केवळ या थांबण्यामुळे कल्पनांची संख्या घसरली. पहिल्या दोन कारणांचाही काही वाटा होता, पण मोठे नुकसान तिसऱ्यामुळे होत होते. आपल्या बैठकीतील सुनेचे नेमके हेच झाले. तिच्यापाशी हुशारी कमी नव्हती, धैर्यही नव्हते असे म्हणता येणार नाही. तिला फक्त फार वेळ थांबावे लागले.

आपल्या समाजात यात आणखी एक भर पडते. वयाचा, नात्याचा आणि पदाचा मान ठेवणे हा आपल्याकडे संस्काराचा भाग आहे आणि तो असावाही. पण सासू ज्या बैठकीत आहे तिथे सून तिच्याविरुद्ध उपाय सुचवणार नाही, सरपंचांनी एक मत दिल्यावर त्यांच्या वाड्यावरचा माणूस दुसरे देणार नाही, आणि सरांनी फळ्यावर काही लिहिले की पालक मान हलवतील. अशा ठिकाणी "मोकळेपणाने बोला" असे आवाहन करून काहीही साधत नाही, कारण माणसे गप्प असतात ती भिडेपोटी, आणि भीड आवाहनाने जात नाही. बोलण्याआधी लिहिण्याची सक्ती असली तर मात्र भिडेला धक्का न लावता तिच्याभोवतून वाट काढता येते. म्हणूनच प्रसिद्धी ब्रेनस्टॉर्मिंगला मिळाली असली, तरी आपल्या गावांना आणि संस्थांना तिच्यानंतर आलेल्या लेखी पद्धती जास्त उपयोगाच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांपैकी सर्वांत सोपी पद्धत जर्मनीतील बेर्न्ड रोरबाख याने 1968 मध्ये मांडली. तिला 6-3-5 म्हणतात: सहा माणसे, तीन कल्पना, पाच मिनिटे. आपल्या बारा महिलांचे दोन गट करून हे प्रत्यक्ष कसे होईल ते पाहू. प्रत्येकीला एक कागद मिळतो. त्यावर उभे तीन आणि आडवे सहा रकाने आखलेले असतात आणि सर्वांत वर प्रश्न लिहिलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण पहिल्या ओळीत आपल्या तीन कल्पना लिहिते. कोणीही बोलत नाही. पाच मिनिटे होताच कागद उजवीकडच्या बाईकडे जातो. आता तिच्यापुढे दुसरीने लिहिलेल्या तीन कल्पना असतात. त्या वाचून ती दुसऱ्या ओळीत आणखी तीन लिहिते. वरच्या कल्पनेत भर घालावी, तिला कलाटणी द्यावी किंवा पूर्ण नवे काही लिहावे, सगळे चालते. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात सहाजणींच्या मिळून 108 नोंदी होतात.

यांतल्या पुष्कळ नोंदी एकमेकींसारख्या असतात, त्याने निराश होऊ नये. मोलाची गोष्ट वेगळीच आहे. "आठ दिवस आधी मागणी घ्यावी" असे सुनेने पहिल्या ओळीत लिहिले असेल, तर त्याखाली कोणी "शहरातल्या इमारतींतील ओळखीच्यांकडून फोनवर घ्यावी" असे लिहील, त्याखाली दुसरी "मागणीप्रमाणेच तोडावे म्हणजे रानही वाचेल" असे लिहील, आणि कदाचित ज्यांच्यापुढे ती बोलली नसती त्या काकीच "माटोळीची पूर्ण जुडी बांधून द्यावी, मला बांधता येते" असे लिहून जातील. कोणालाही न दुखावता, कोणाचाही मान कमी न करता एक कल्पना सहा हातांतून गेली आणि वाढली. ऑसबर्नचा चौथा नियम, म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालणे, बोलण्याच्या बैठकीत क्वचितच पाळला जातो. इथे तो कागदाच्या रचनेतूनच पाळला जातो.

एक अडचण खरी आहे. सगळ्यांचा लिहिण्याचा सराव सारखा नसतो. काहीजणी देवनागरीत लिहितील, काही रोमी लिपीत, तर काहींना हातात पेन धरायचाच संकोच वाटेल. अशा वेळी पाच मिनिटांची आठ मिनिटे करावीत, एका शब्दात किंवा चित्रात लिहिले तरी चालेल असे आधीच सांगावे, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्याशेजारी गटाबाहेरची एखादी कॉलेजात शिकणारी मुलगी लेखनिक म्हणून बसवावी. शेजारच्या घरातली किंवा नात्यातली मुलगी मात्र नको, नाहीतर भीड दुसऱ्या दाराने आत येते.

दुसरी पद्धत आहे नॉमिनल ग्रुप टेक्निक. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन द व्हेन यांनी ती 1971 मध्ये प्रसिद्ध केली. येलच्या प्रयोगातील बोध तिने सरळ बैठकीत आणला. आधी सर्वजण दहा मिनिटे शांतपणे आपापल्या कागदावर लिहितात. मग बैठक चालवणारी व्यक्ती प्रत्येकाकडून एका पाळीत एकच कल्पना घेते आणि ती बोलणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते. धालो या गोव्यातील बायकांच्या लोकनृत्यात मांडावर समोरासमोरच्या दोन ओळी आळीपाळीने गातात आणि कोणी मध्येच दुसऱ्या ओळीचे पद उचलत नाही, तसाच हा क्रम असतो. सर्वांचे कागद रिकामे होईपर्यंत पाळ्या फिरत राहतात. यानंतर एकेका कल्पनेचा अर्थ स्पष्ट करून घेतला जातो. "मागणी घ्यावी म्हणजे पैसेही आधी घ्यायचे का?" असा प्रश्न इथे चालतो, पण "हे आपल्याला जमणार नाही" हा शेरा चालत नाही. शेवटी प्रत्येकजण आपल्या पसंतीच्या पाच कल्पना क्रमाने गुप्तपणे लिहून देतो आणि गुणांची बेरीज होते.

मतदान गुप्त असणे इथे महत्त्वाचे आहे. भिंतीवरच्या यादीसमोर सर्वांदेखत खुणा करायला लावले की पहिल्या तीन-चार खुणा कुठे पडल्या ते पाहून पुढचे खुणा करतात. आपल्याकडे हे सोपे करण्याचा एक मार्ग आहे. प्रत्येक कल्पनेसाठी झाकणाला भोक पाडलेला एक डबा ठेवावा आणि प्रत्येकीला पाच चिंचोके द्यावेत. डबे आडोशाला ठेवले की कोणी कुठे किती टाकले ते दिसत नाही, आणि लिहिता न येणाऱ्या बाईचे मत इतरांइतकेच मोजले जाते. क्रमवारीइतके हे काटेकोर नाही, पण गावातील कामाला पुरेसे आहे.

शंभर चिठ्ठ्या जमल्या की पुढचा प्रश्न त्यांचे करायचे काय हा असतो. बहुतेक गट इथे थकतात आणि कोणीतरी "मी घरी जाऊन यादी करून आणते" असे म्हणते. ती यादी मग त्या एका व्यक्तीची होते. या टप्प्यासाठी जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. कावाकिता यांनी नेपाळमधील डोंगराळ गावांत दीर्घकाळ काम केले आणि त्यांना 1984 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगाव फिरून जमवलेल्या असंख्य विस्कळीत नोंदींतून अर्थ कसा काढायचा, या त्यांच्या स्वतःच्या अडचणीतून ही पद्धत जन्मली. जपानी रीतीने आडनाव आधी घेऊन त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात.

प्रत्येक चिठ्ठीवर एकच मुद्दा असतो. सर्व चिठ्ठ्या चटईवर पसरायच्या आणि सर्वांनी भोवती बसून, न बोलता, ज्या चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या शेजारी सरकवायच्या. एकीने सरकवलेली चिठ्ठी दुसरीने परत हलवली तरी वाद घालायचा नाही. पुन्हा पुन्हा हलणारी चिठ्ठी दोन जागी हवी असेल तर तिची नक्कल करायची. मुख्य पथ्य असे की कप्पे आधी ठरवायचे नाहीत. "वाहतूक", "विक्री", "साठवण" अशी शीर्षके आधी लिहून ठेवली की चिठ्ठ्या त्यांत कोंबल्या जातात आणि जे आपल्याला आधीच माहीत होते तेच पुन्हा दिसते. ढीग आपोआप तयार झाल्यावर मग त्याला नाव द्यायचे आणि ते नाव शक्यतो पूर्ण वाक्यात असावे. "वाहतूक" या शब्दातून काही कळत नाही. "आमचा माल बाजारात पोहोचतो तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या असतात" या वाक्यातून कामाला सुरुवात करता येते. कोणत्याच ढिगात न बसणारी एखादी चिठ्ठी उरली तर तिला एकटीच राहू द्यावी; पुष्कळदा तीच सर्वांत नवी असते.

आतापर्यंत आपण गृहीत धरले की प्रश्न बरोबर विचारला आहे. तो तसा असतोच असे नाही. टोयोटा कंपनीत ताईइची ओनो यांनी रुजवलेली "पाच वेळा का" ही सवय इथे उपयोगी पडते. माल का उरतो? कारण बाजारातील सगळ्याच बायकांकडे तोच माल असतो. तोच का असतो? कारण सगळ्याजणी त्याच चार दिवसांत त्याच रानात जातात. त्याच चार दिवसांत का? कारण आधी तोडले तर ते कोमेजते. का कोमेजते? कारण तोडलेला माल पोत्यात दाबून भरला जातो. म्हणजे "विक्री कशी वाढवावी" हा प्रश्न बाजूला राहतो आणि "तोडलेला माल आणखी चार दिवस ताजा कसा राहील" असा वेगळाच प्रश्न पुढे येतो. या पद्धतीचा दोष असा की उत्तर देणाऱ्याप्रमाणे साखळी वळते; दुसऱ्या कोणी पहिल्याच पायरीवर "कारण शहरातल्या लहान घरांत माटोळीही लहान झाली" असे म्हटले असते तर शेवट अगदी निराळा आला असता. म्हणून दोन उपगटांनी ती वेगवेगळी करावी आणि मग दोन्ही साखळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही खऱ्या असू शकतात.

गट अडून बसला, कागद फिरूनही तेच तेच येऊ लागले, तर ऑसबर्नच्याच प्रश्नयादीवरून बॉब एबर्ली याने 1971 मध्ये बेतलेली स्कॅम्पर नावाची सात प्रश्नांची साखळी काढावी. एखादा घटक बदलून दुसरा घालता येईल का? दोन गोष्टी जोडता येतील का? दुसरीकडची रीत इथे आणता येईल का? आकार किंवा रूप बदलता येईल का? दुसऱ्या कामासाठी वापरता येईल का? काही वगळता येईल का? क्रम उलटा करता येईल का? माटोळीच्या बाबतीत हे प्रश्न लगेच बोलू लागतात. लहान फ्लॅटसाठी लहान माटोळीचा तयार संच करता येईल, उरलेल्या आंबाड्यांचे लोणचे घालता येईल, आणि क्रम उलटा करण्याच्या प्रश्नातून पुन्हा तीच सुनेची कल्पना निघते, की आधी विकावे आणि मग तोडावे. वस्तू, सेवा किंवा कामाची रीत सुधारायची असेल तिथे हे प्रश्न चांगले चालतात. माणसामाणसांतील बेबनाव सोडवायला मात्र ते निरुपयोगी आहेत.

कल्पना काढणे आणि कल्पना निवडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्या एकाच वेळी करू नयेत, हा या साऱ्या पद्धतींतला समान धागा आहे. त्याचा अर्थ टीका वाईट असा अनेकजण लावतात आणि तो चुकीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्स येथे केलेला प्रयोग 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीका करू नका असे सांगितलेल्या गटांपेक्षा, वाद घाला, एकमेकांच्या कल्पनांवर टीकाही करा असे सांगितलेल्या गटांनी अधिक कल्पना काढल्या. टीकेला उघड परवानगी असली की ती व्यक्तीवर केलेला हल्ला वाटत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते. जिथे माणसे एकमेकांना नीट ओळखतात आणि एकमेकांवर विश्वास ठेवतात, तिथे हे जमेल. जिथे सासू-सून, मालक-कामगार किंवा सरपंच-ग्रामस्थ एकत्र बसले आहेत, तिथे पहिल्या फेरीत टीका बंद ठेवणेच शहाणपणाचे, आणि दुसऱ्या फेरीत तिला हक्काची जागा देणे आवश्यक.

ही हक्काची जागा देण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे माल्टात जन्मलेले एडवर्ड डी बोनो यांनी 1985 मध्ये मांडलेली सहा टोप्यांची पद्धत. पांढरी टोपी म्हणजे माहिती, लाल म्हणजे भावना, काळी म्हणजे धोके, पिवळी म्हणजे फायदे, हिरवी म्हणजे नव्या कल्पना आणि निळी म्हणजे बैठकीचे नियंत्रण. ही पद्धत वापरताना हमखास एक चूक केली जाते, ती म्हणजे एकेका माणसाला एकेक टोपी वाटून देणे. मग काळ्या टोपीवाला बिचारा तासभर दोष काढतो आणि सर्वांचा शत्रू होतो. एका वेळी सर्वांनी एकाच रंगाची टोपी घालायची आहे. म्हणजे दहा मिनिटे सर्वांनी मिळून धोकेच शोधायचे, पुढील दहा मिनिटे सर्वांनी फायदेच. कापडी टोप्या शिवून घेण्याची आवश्यकता नाही, फळ्यावर रंगाचे नाव लिहिले तरी पुरते. मला या पद्धतीत लाल टोपी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्या वेळी कारण द्यावे लागत नाही. "इतकं सगळं रानातून ओरबाडून आणणं मला बरं वाटत नाही," असे एखादी बाई म्हणाली तर तिच्याकडे पुरावा मागायचा नाही. ते लिहून घ्यायचे आणि पांढऱ्या टोपीच्या वेळी कोणत्या वेली कमी दिसू लागल्या आहेत, याची माहिती सर्वांनी मिळून गोळा करायची. एरवी ही गोष्ट बैठकीत निघालीच नसती.

दुसरा मार्ग गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने 2007 मध्ये लोकांपुढे ठेवला. बेत ठरल्यावर, पण अंमलबजावणीआधी, सर्वांनी अशी कल्पना करायची की चतुर्थी होऊन गेली आहे आणि आपला बेत पार फसला आहे. आता प्रत्येकाने तो का फसला ते शांतपणे लिहायचे. बेत ठरला की "यात काय अडचण येईल?" असे विचारले तरी सगळे उत्साहात असतात आणि कोणी खोट काढत नाही, फसल्याचे गृहीत धरून कारण विचारले की तीच माणसे मोकळी होतात. आगाऊ मागणी दिलेल्यांनी ऐन वेळी नकार दिला, दोन दिवस पावसाने रानात जाता आले नाही, हिशेब एकीच्याच वहीत राहिला, ही कारणे आधी कागदावर आली तर आगाऊ रकमेचा, पावसाच्या दिवसांचा आणि दुसऱ्या वहीचा बंदोबस्त वेळेत करता येतो. शहाणीसुरती माणसेही गटात बसल्यावर शंका गिळून कशी चुकीच्या निर्णयाला होकार देतात, याचा अभ्यास अर्विंग जॅनिस यांनी 1972 मध्ये केला होता. क्यूबावरील 1961 च्या बे ऑफ पिग्ज स्वारीचा अमेरिकन सरकारचा फसलेला निर्णय हे त्यांचे प्रमुख उदाहरण होते. आपल्या समित्यांचे निर्णय लहान असतात, पण शंका गिळण्याची रीत तीच असते.

माणसे एका ठिकाणी जमू शकत नसतील तर रँड या अमेरिकन संस्थेत 1950 च्या दशकात विकसित झालेली डेल्फी पद्धत आहे. सर्वांची मते नाव न सांगता लेखी मागवायची, त्यांचा गोषवारा सर्वांना पाठवायचा आणि तो वाचून आपले मत बदलण्याची संधी द्यायची, अशा दोन-तीन फेऱ्या होतात. परदेशी असलेल्या गावकऱ्यांना विचारात घ्यायचे असेल तर हे उपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मात्र ते होऊ शकत नाही, कारण तिथे नाव दिसते आणि पहिल्या संदेशाखाली अंगठ्यांची रांग लागते.

या पद्धती कुठे वापरू नयेत हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रविवारच्या ग्रामसभेत जमिनीचे रूपांतर, एखाद्या प्रकल्पाचा परवाना किंवा निधीचा हिशेब यावर प्रश्न निघतो, तेव्हा गावकऱ्यांना चिठ्ठ्या आणि रंगीत पेने वाटणे हा त्यांच्या हक्काचा अपमान आहे. तिथे माहिती हवी, कागदपत्रे हवीत, उत्तर हवे आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरले आहे त्यावर "आपल्या कल्पना सांगा" म्हणून बैठक बोलावणे त्याहून वाईट. एकदा असे झाले की पुढे खऱ्या बैठकीतही लोक मनापासून लिहीत नाहीत. गट एकत्र विचार करतो तो जिथे अनेक उत्तरे शक्य आहेत आणि ज्यांना ते उत्तर अमलात आणायचे आहे तेच समोर बसले आहेत, तिथेच.

बैठक कोणी चालवावी, हा उरलेला व्यवहाराचा मुद्दा. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याने ती चालवू नये. अध्यक्षांनी इतरांबरोबर बसून कागद भरावा आणि दुसऱ्या गावातील एखाद्या ताईने किंवा शिक्षकाने घड्याळ सांभाळावे. या व्यक्तीने स्वतःची एकही कल्पना सांगायची नाही, कोणाच्याही कल्पनेला "छान" म्हणायचे नाही, कारण एकीला छान म्हटले की उरलेल्या अकराजणी आपली कमी प्रतीची समजतात. कल्पना काढण्याची आणि निवडण्याची बैठक शक्य असेल तर वेगवेगळ्या दिवशी ठेवावी. मधल्या दोन-तीन दिवसांत कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करताना किंवा बसची वाट पाहताना आणखी काही सुचते, आणि ते दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटे देऊन लिहून घेता येते.

आपल्या गटासाठी हा बेत आखायचा तर श्रावण लागल्यावर पहिली बैठक घ्यावी, म्हणजे चतुर्थीपर्यंत हातात महिनाभर राहतो. पहिल्या दिवशी "का" च्या दोन साखळ्या आणि 6-3-5 एवढेच, दीड तासात. तीन दिवसांनी केजे पद्धतीने चिठ्ठ्या लावणे, चिंचोक्यांचे मतदान आणि वरच्या दोन कल्पनांवर क्लाइनची परीक्षा. निवडलेल्या प्रत्येक कल्पनेपुढे एकाच बाईचे नाव आणि तारीख लिहावी. "सर्वांनी मिळून" असे लिहिलेले काम कोणीच करत नाही. न निवडलेल्या चिठ्ठ्या ढिगांच्या नावांसकट एका लिफाफ्यात घालून गटाच्या वहीला लावून ठेवाव्यात आणि चतुर्थीनंतरच्या पहिल्या बैठकीत, उरलेल्या मालाचा हिशेब समोर असताना, पुन्हा उघडाव्यात.